चाकांचीं नांवें

भंडारा जिल्ह्यांत मोटारीचीं चाकें वर्षांतून दोनदां बदलणारीं कांहीं माणसें आहेत, असें सांगितलें तर पुण्यामुंबईकडील वाचकांस तें चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ऋतूप्रमाणें चाकें पालटण्याची चाल मूळची थंड देशांतली. जर्मनींत किंवा कॅनडांत बर्फ पडूं लागण्यापूर्वीं लोक उन्हाळी चाकें उतरवून हिवाळी चढवितात, आणि वसंत लागला कीं उलट क्रम करितात. आमच्याकडे बर्फ कोठलें? पण वैनगंगेच्या कांठीं पवनी-लाखांदूरकडे ज्यांची धानाची शेती आहे त्यांस रोवणीच्या दिवसांतील पांदण म्हणजे काय प्रकार असतो तें विचारून पाहावें. महामार्गावर सुरेख धांवणारा टायर तेथें पहिल्या पन्नास पावलांतच मातीनें लिंपून जातो, वरवंट्यासारखा गुळगुळीत होतो, आणि जागच्या जागीं फिरूं लागतो. म्हणून ज्यांना ते चार महिने शेतावर जाण्यावांचून गत्यंतर नाहीं, असे आमच्यासारखे कांहीं लोक खोल खांचांच्या टायरांचीं चार चाकें निराळीं करून ठेवितात. मृगाच्या सुमारास तीं चढवितात आणि धान कापून घरांत आलें म्हणजे उतरवितात. एका गाडीला आठ चाकें! पूर्वीं या कामास एक जॅक, एक पाना आणि तासभराचा घाम यांपलीकडे कांहीं लागत नसे.

आतां लागतें. नव्या गाडीचीं चाकें बदलून थोडें पुढें गेलें कीं समोरच्या फळीवर एक पिंवळा दिवा लुकलुकूं लागतो. घोड्याच्या नालासारखी आकृति आणि तिच्या पोटांत उद्गारचिन्ह असें त्याचें स्वरूप. चारी चाकांत हवा अगदीं मापांत असली तरीही तो लागतो. कारण गाडीची तक्रार हवेविषयीं नसते, ओळखीविषयीं असते. हीं चाकें आपलीं नव्हेत, असें ती म्हणत असते.

हा ओळखीचा प्रकार थोडा उलगडून सांगितला पाहिजे. दर चाकाच्या आंत, हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या मुळाशीं, सुमारें आगपेटीएवढा एक सेन्सर बसविलेला असतो. त्यांत दाब मोजणारा भाग, उष्णता मोजणारा भाग, एक बॅटरी आणि रेडिओच्या लहरी सोडणारें इवलेंसें यंत्र, एवढा संसार असतो. गाडी उभी असली कीं तो झोंपतो. चाक फिरूं लागलें कीं जागा होऊन ठराविक वेळानें हवेची वार्ता गाडीस कळवितो. पण रस्त्यावर गाड्या पुष्कळ, आणि प्रत्येकीचे चार चार सेन्सर एकाच सुरांत बोलणारे. मग आपलें कोणतें व शेजारच्याचें कोणतें हें कसें कळावें? म्हणून प्रत्येक सेन्सरास कारखान्यांतच एक नांव दिलेलें असतें. बहुधा आठ अंकाक्षरांचें हें नांव दुसऱ्या कोणाचें नसतें. गाडी आपल्या चार चाकांचीं चार नांवें पाठ करून ठेविते, आणि त्यांवांचून इतरांच्या बोलण्याकडे लक्ष देत नाहीं. कुळकर्ण्याच्या दप्तरांत ज्याचें नांव नाहीं त्याची जमीनही नाहीं, त्यांतलाच हा न्याय.

हवा ओळखण्याची जुनी रीत मात्र नांवाच्या नव्हे, नादाच्या आधारावर चालत असे, अजूनही चालते. जुन्या क्रमांकानें ६ व आतांच्या क्रमांकानें ५३ असा जो राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली या गांवांवरून जातो, त्यावरील कोणत्याही ढाब्यापुढें पहाटेच्या वेळीं उभें राहावें. ट्रकचा क्लीनर खालीं उतरतो, हातांत लोखंडी टॉमी घेतो आणि एकेका टायरवर ठोका मारीत गाडीभोंवतीं प्रदक्षिणा घालतो. भरलेला टायर टणक बोलतो, उतरलेला बद्द बोलतो. जोडचाकांपैकीं आंतल्या बाजूचें चाक डोळ्यांस दिसत नाहीं, तरी तेंही ठोक्याला उत्तर दिल्यावांचून राहत नाहीं. तुमसरकडील खाणींतून मँगनीज भरून येणाऱ्या अवजड गाड्यांचीं चाकें अशींच ऐकून पारखिलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. भंडाऱ्याच्या माणसास यांत नवल वाटूं नये. हें गांव पितळेच्या भांड्यांचें. घागर घेणारी बाई ती वाजवून घेते, आणि चीर गेलेलें भांडें कोणतें हें कासार पाठ फिरवून सांगूं शकतो. परंतु हलक्या गाडीच्या टायरची बाब निराळी. त्याची बाजू मऊ असते, ठोका नीट बोलत नाहीं. आणि ट्यूब नसलेल्या टायरांतून खिळा शिरला तरी हवा इतकी सावकाश जाते कीं पंचवीस पौंड आणि तेहतीस पौंड यांतला भेद डोळ्यास तर नाहींच, पण लाथ मारून पाहणाऱ्यासही समजत नाहीं.

या दिव्याचा जन्म चैनीखातर झालेला नाहीं. अमेरिकेंत फायरस्टोनचे कांहीं टायर लाविलेल्या फोर्ड कंपनीच्या गाड्या वेगांत असतां टायर फाटून उलटूं लागल्या, अडीचशेंच्या वर माणसें दगावलीं, आणि २००० सालीं तेथील काँग्रेसनें कायदा करून हवा कमी झाल्याची सूचना देणारें साधन गाडींत असलेंच पाहिजे असें ठरविलें. २००७ च्या सप्टेंबरपासून तेथील सर्व नव्या हलक्या गाड्यांस तें लागूं झालें. युरोपांत नव्या नमुन्यांस २०१२ मध्यें आणि सर्व नव्या मोटारींस २०१४ मध्यें. आमच्याकडे नियम आला तो निराळ्याच दारानें. २०२० सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं, ज्या लहान गाडीस बिनट्यूबचे टायर आहेत, दाब सांगणारी ही व्यवस्था आहे आणि पंक्चर बुजविण्याचें साहित्य सोबत दिलेलें आहे, तिला जादा चाक नसलें तरी चालेल. म्हणजे परदेशांत जें साधन रक्षणासाठीं सक्तीचें झालें, तें येथें स्टेपनीच्या सुट्टीचा परवाना म्हणून पुढें आलें. डिकींत जागा झाली खरी. पण कोका अभयारण्याच्या रस्त्यावर रात्रीं दहा वाजतां टायरची बाजू फाटली, तर ती रिकामी जागा कोणाच्या उपयोगाची?

‘स्टेपनी’ हा शब्द ज्यांच्या तोंडीं बसला आहे त्यांपैकीं थोड्यांसच हें ठाऊक असेल कीं तें एका रस्त्याचें नांव आहे. वेल्समधील लानेली गांवीं डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास मोटारीसाठीं जादा चाक तयार केलें. त्यांचें दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतें. त्यांच्याच देशांत तो शब्द आतां लोकांच्या बोलण्यांतून गेला. आमच्या पंक्चरवाल्याच्या फळीवर मात्र तो अजून खडूनें लिहिलेला असतो. आणि ज्या गाडींत स्टेपनी असते तिच्यांतही त्या पांचव्या चाकांत बहुधा सेन्सर नसतो. म्हणून तें चढविलें कीं पुन्हां दिवा.

अशा स्थितींत आम्हांस चाकांचीं नांवें गाडीस शिकविणारें यंत्र घेणें भाग पडलें, आणि तें कोणतें घ्यावें याचा शोध आम्हीं नागपूरच्या दुकानांतून बरेच दिवस केला. व्यापारी त्यास टीपीएमएस टूल म्हणतात. दिसण्यांत तें जाडजूड मोबाईल फोनासारखें. टायरच्या बाहेरून व्हॉल्व्हजवळ धरून कळ दाबली कीं तें एक मंद लहर सोडून आंतल्या सेन्सरास जागें करितें, आणि सेन्सर आपलें नांव, दाब, उष्णता, आणि कांहीं जातींचे असले तर बॅटरीची स्थितिही सांगून टाकतो. एवढें काम करणारें साधें यंत्र कांहीं हजार रुपयांत मिळतें. त्यापुढें किंमत चढत जाते तसतसे गुण चढत जातात असें दुकानदार सांगतात; आमचा अनुभव असा कीं गुणांपेक्षां कळा चढत जातात.

सर्वांत आधीं पाहण्याची गोष्ट यंत्राच्या दुकानांत नसून स्वतःच्या गाडींत असते. कांहीं गाड्यांच्या चाकांत सेन्सर मुळींच नसतो. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित् घटतो व तें इतरांहून किंचित् जास्त फिरतें, एवढ्या खुणेवरून त्या गाड्या तर्क करितात. त्यांस कोणतेंही यंत्र लागत नाहीं; हवा नीट भरून एक कळ दाबली कीं झालें. हें न विचारतांच यंत्र गळ्यांत बांधणारा विक्रेता आम्हांस भेटला. तो कोठला हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

दुसरी गोष्ट सुराची. अमेरिकेंतील बहुतेक सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, युरोपांतील व आमच्याकडील ४३३ वर. परदेशांतून भावानें पाठविलेलें किंवा बाजारांत स्वस्त मिळालें म्हणून घेतलेलें सेन्सरांचें पुडकें पुष्कळदां पहिल्या जातीचें निघतें. मग यंत्र कितीही चांगलें असो, गाडीस तें ऐकूंच येत नाहीं. तिसरी गोष्ट यादीची. प्रत्येक यंत्राच्या पोटांत गाड्यांची यादी असते, आणि ती ज्या देशांत तयार झाली तेथील गाड्यांनीं भरलेली असते. हजारों नांवें आहेत म्हणून भुलूं नये; आपल्या गाडीचें, आपल्या सालचें, आपल्या देशांत विकलेलें नांव तींत आहे कीं नाहीं तें विक्रेत्याच्या देखत काढून पाहावें. यादी वर्षानुवर्षें नवी करावी लागते. ती फुकट मिळणार कीं दरवर्षीं पट्टी भरावी लागणार, हें पावती होण्यापूर्वीं विचारलेलें बरें.

परंतु ज्यांची आठ चाकें आहेत त्यांच्या दृष्टीनें मुख्य प्रश्न याहून निराळा आहे. गाडीला नवीं नांवें शिकविण्याच्या तीन तऱ्हा आहेत. कांहीं गाड्या थोडा वेळ चालविल्या कीं आपल्या आपण शिकतात. कांहींस शिकण्याच्या अवस्थेंत आणून एकेका चाकापाशीं यंत्र धरावें लागतें. आणि कांहींच्या बाबतींत स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटांत तार जोडून नांवें थेट गाडीच्या मेंदूंत घालावीं लागतात. वर्षांतून दोनदां हा व्याप करण्यापेक्षां चौथा एक मार्ग आहे. बाजारांत कोरे सेन्सर मिळतात, त्यांस जन्मतः नांव नसतें. कांहीं यंत्रें जुन्या सेन्सराचें नांव वाचून तेंच या कोऱ्यावर लिहितात. मग पावसाळी चाकें व महामार्गाचीं चाकें हीं दोन्ही गाडीच्या लेखीं एकच. बदल झाला हें तिला कळतच नाहीं. आमचा कौल याच मार्गास पडला. यांत एक खोंच मात्र आहे. एका कंपनीचें यंत्र बहुधा आपल्याच कंपनीच्या कोऱ्या सेन्सरांवर लिहूं शकतें. म्हणजे यंत्र घेतलें कीं पुढचे सेन्सरही त्यांचेच घ्यावयाचे. हे सेन्सर अमर नव्हेत. आंतली बॅटरी बदलतां येत नाहीं, ती पांच ते दहा वर्षांत संपते आणि सबंध सेन्सर फेंकून द्यावा लागतो. तेव्हां यंत्राच्या किंमतीबरोबरच, त्याचे कोरे सेन्सर आपल्या जवळच्या बाजारांत मिळत राहतील काय, याचाही हिशेब करावा. आम्हीं जें यंत्र नाकारलें तें याच एका कारणानें. तें दिसण्यांत सर्वांत देखणें होतें. एकाच नांवाचीं दोन चाकें जवळजवळ ठेवूं नयेत हेंही येथेंच सांगून ठेवितों. उतरविलेलीं चाकें झोंपलेलीं असतात हें खरें. पण एखादा सेन्सर झोंपेंतही बरळतो, म्हणून तीं गाडीच्या शेजारीं न रचतां कोठीघरांत टाकलेलीं बरीं.

पितळेच्या या गांवांत एक गोष्ट थोडी खेदानें लिहावी लागते. सेन्सरास जोडलेली व्हॉल्व्हची दांडी पुष्कळदां ॲल्युमिनियमची असते, आणि तिच्यांत नेहमींचा पितळी वॉलपिन घातला तर दोन धातूंचें जमत नाहीं. ओल लागून दोन्ही गंजतात, एकमेकांत रुतून बसतात, आणि पिन काढावयास गेलें तर दांडीच मोडते. तेथें निकेलचा मुलामा दिलेलाच पिन हवा. दोन-चार रुपयांच्या पिनापायीं अख्खा सेन्सर गेल्याचें आम्हीं पाहिलें आहे. त्याचप्रमाणें टायर रिमवरून काढतांना लोखंडी पट्टी व्हॉल्व्हच्या बाजूनें घातली तर सेन्सराचा चुरा ठरलेला. पट्टी कोठून घालावयाची हें कोणतेंही यंत्र सांगत नाहीं. तें हातालाच ठाऊक पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, एका दिव्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं तर तो दिवा दिसूं नये म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लाविली होती. त्यांस वेड्यांत काढणें सोपें आहे, पण ते त्या थरास कां गेले तें पाहिलें पाहिजे. आमचा उन्हाळा ४५ अंशांचा, आणि थंडींतली पहाट १० अंशांची. मे महिन्यांत भर दुपारीं कोणीं ३३ पौंड हवा भरून घेतली, तर एक कणही न गळतां जानेवारीच्या पहाटेस ती २८ च्या आंत येते. टायरांतून थोडी हवा महिन्यामागून महिना झिरपतच असते, ती आणखी वजा. मग अशा पहाटे दिवा लागतो. चार कोस गेल्यावर टायर तापून दाब वाढतो आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं पाहावें तों दिवा गेलेला! चाक बदलावें तर दिवा, स्टेपनी लावावी तर दिवा, बॅटरी संपली तर दिवा, आणि खरोखर हवा गेली तरीही तोच दिवा. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्या पोरास गांवानें जें उत्तर दिलें, तेंच या गृहस्थांनीं दिलें.

त्यांत आमच्या भागांतील एक दृढ समजूत भर घालिते. उन्हाळ्यांत टायर तापून फुटतात, म्हणून हवा चार पौंड कमीच ठेवावी, असें दहांपैकीं सहा लोक सांगतील. हें अगदीं उलट आहे. हवा कमी असली म्हणजे टायरची बाजू दर फेऱ्यास अधिक वांकते, वांकण्यानें आंतून उष्णता उत्पन्न होते, आणि वेग जितका जास्त व वाट जितकी लांब तितकी ती सांठत जाते. टायर फुटतो तो बाहेरच्या उन्हानें नव्हे, या आंतल्या तापानें. दाराच्या चौकटीवर कंपनीनें जो आंकडा चिकटविलेला असतो तो थंड टायरचा असतो. सकाळीं गाडी हलविण्यापूर्वीं तेवढी हवा भरावी, आणि मग दुपारीं कांटा पांच-सहा पौंड वर गेला तरी ती काढूं नये.

पूर्वीं हा घोटाळा एक वेळ खपून जात असे. भंडाऱ्याहून नागपूर सुमारें साठ किलोमीटर, वाटेंत गांवें, गतिरोधक, थांबे. टायरास निवावयास अवकाश मिळे. पण ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर-शिर्डी असा समृद्धि महामार्ग खुला झाला, ५ जून २०२५ रोजीं तो पुढें ठाणें जिल्ह्यांतील आमण्यापर्यंत पुरा ७०१ किलोमीटरचा झाला, आणि काँक्रीटच्या सरळ पट्टीवर ताशीं १२० च्या वेगानें तास तास न थांबतां जाण्याची सोय आमच्याही दाराशीं आली. वर सांगितलेले गृहस्थ मे महिन्यांत सहकुटुंब शिर्डीस निघाले. हवा ‘उन्हाळ्यापुरती’ कमी करून घेतलेली होती, आणि दिव्यावर पट्टी होतीच. चहासाठीं थांबले असतां धाकट्या मुलीनें “बाबा, कांहीं तरी जळतंय” असें म्हटलें. मागचें डावें चाक हात लाववेना इतकें तापलें होतें, आणि त्याच्या आंतल्या कडेचें रबर सोलून सूत दिसूं लागलें होतें. आणखी किती किलोमीटर तें टिकलें असतें याचा हिशेब त्यांनीं अनेकदां करून आम्हांस सांगितला. दर वेळीं आंकडा निराळा येतो, पण तो सांगतांना त्यांचा आवाज मात्र दर वेळीं सारखाच खालीं जातो. पट्टी त्यांनीं तेथेंच काढिली.

म्हणून यंत्राची किंमत आम्ही गाडी ओळखण्याच्या सोयीवरून करीत नाहीं. खोट्या कारणानें लागणारा दिवा तें विझवितें, आणि त्यामुळें उरलेला दिवा ऐकण्याजोगा होतो, हें त्याचें खरें मोल. आणि हें ध्यानीं आल्यावर आम्हांस असेंही वाटूं लागलें कीं तें आमच्या कपाटांत ठेवण्यांत फारसा अर्थ नाहीं. वर्षांतून दोन दिवस आम्हांस त्याचें काम. उरलेले दिवस तें आपली बॅटरी उतरवीत पडणार. उलट ज्याच्या दुकानीं रोज पंधरावीस चाकें येतात त्याच्यापाशीं तें नसतें, कारण एवढे पैसे एकदम घालावयास त्यास जमत नाहीं. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत दुकानांत तें असतें. पण तें दुकान नागपुरास, आणि पंक्चर होतें लाखांदुराच्या वाटेवर.

तेव्हां आम्ही ज्याच्याकडे नेहमीं हवा पाहून घेतों त्या महामार्गावरील टायरवाल्यास आम्हीं यंत्र दाखविलें. वय साठीकडे झुकलेलें, आणि टॉमीच्या ठोक्यावर त्याचा भारी भरंवसा. तो पहिल्यानें हंसला. “साहेब, हवा सांगाले मशीन कायले पायजे? आमचा हात हाये ना!” आम्हीं त्याच्या हातांत यंत्र देऊन आमच्याच गाडीच्या चाकापाशीं धरावयास सांगितलें. पडद्यावर आंकडे उमटले. त्यानें ते पाहिले, आपलें हवेचें गेज लाविलें, दोन पौंडांचा फरक आला. बरोबर कोणतें? आमच्या गाडींत नवें गेज होतें तें काढून लाविलें, तें यंत्राशीं मिळालें. म्हातारा बराच वेळ आपल्या जुन्या गेजकडे पाहत राहिला. मग त्यानें तें पुसून खणांत टाकिलें, आणि यंत्राच्या कळा कोणत्या क्रमानें दाबावयाच्या तें आपल्या नातवास वहींत लिहून घ्यावयास सांगितलें.

यंत्र आतां तेथेंच असतें. आमच्याकडून चाकें बदलण्याचे पैसे तो घेत नाहीं, इतरांकडून सेन्सर वाचण्याचे थोडे घेतो. कॉम्प्रेसरच्या वर एक खिळा मारून त्यानें तें सुतळीनें टांगलें आहे, शेजारीं निकेलच्या पिनांची बरणी आहे. गाडी आली कीं तो पूर्वीप्रमाणेंच आधीं टॉमीनें चारी चाकें वाजवून घेतो आणि मग नातू यंत्र धरतो. दोघांचें एकमत झालें तर गाडी जाते. न झालें तर म्हातारा कांहीं न बोलतां जॅक लावतो.